न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण : एक की दोन?

विद्युत् भार असलेल्या प्रत्येक मूलकणास विरुद्ध भाराचा एक प्रतिकण असतो, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण पॉझिट्रॉन १९३२ साली आणि प्रोटॉनचा प्रतिकण १९५५ साली प्रयोगात आढळला. या जोड्यांतील दोन कणांचे भार परस्परविरुद्ध असल्याकारणाने ते भिन्न आहेत याविषयी शंकेस जागा उरत नाही. भाररहित कणांच्या बाबतीत मात्र निर्णय इतका सोपा नाही. प्रकाशाचा कण जो फोटॉन, तो स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे. उलटपक्षी न्यूट्रॉन भाररहित असूनही त्याचा प्रतिकण निराळा आहे. कारण न्यूट्रॉन हा क्वार्कांचा बनलेला आहे, तर प्रतिन्यूट्रॉन प्रतिक्वार्कांचा. मग ज्यास विद्युत् भारही नाही व ज्ञात अशी अंतर्रचनाही नाही, त्या न्यूट्रिनोचे काय? पदार्थाच्या मूलकणांपैकी केवळ याच एका जातीविषयी हा प्रश्न संभवतो.

हा प्रश्न १९३७ पासून भौतिकीपुढे उभा आहे. १९५०च्या दशकात तो सुटल्यासारखा वाटला, त्याच दशकाच्या अखेरीस तो पुन्हा खुला झाला आणि आजतागायत तो अनिर्णित आहे. तो इतका दुर्घट का ठरला, उत्तर 'एक' असे असल्यास ते कसे कळेल आणि 'दोन' असे असल्यास ते कळण्याचा मार्ग कोणता, या गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

कल्पना आणि शोध

किरणोत्सर्गी अणुकेंद्राच्या बीटा क्षयात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ठराविक नसते. ती एका कमाल मर्यादेपर्यंत सलग पसरलेली असते. चॅडविक यांनी १९१४ साली हे दाखविले तेव्हापासून उरलेली ऊर्जा जाते कोठे, हे एक कोडेच होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम येथे लागू नसावा, अशीही शक्यता नील्स बोर यांनी विचारात घेतली होती. वुल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० च्या एका पत्रात निराळी वाट सुचविली : इलेक्ट्रॉनसमवेत एक भाररहित व अतिशय हलका कण बाहेर पडत असावा व तोच उरलेली ऊर्जा घेऊन जात असावा. एन्रिको फेर्मी यांनी १९३३-३४ मध्ये या कल्पनेस बीटा क्षयाच्या संपूर्ण सिद्धांताचे रूप दिले आणि 'न्यूट्रिनो' हे नाव रूढ झाले.

१९३४ साली बेथे व पायर्ल्स यांनी हिशेब करून दाखविले, की असा कण घन पदार्थातून सुमारे १ वर १६ शून्ये इतके किलोमीटर, म्हणजे जवळजवळ हजार प्रकाशवर्षे, विनाअडथळा जाऊ शकेल. साहजिकच तो कधी सापडेल अशी आशा त्यांनी ठेवली नाही. तथापि अणुभट्टीतून निघणाऱ्या कणांचा प्रवाह इतका प्रचंड असतो, की त्यांतील एखादाच कण अडला तरी प्रयोगास पुरेसा होतो. राइन्स व कॉवन यांनी १९५६ साली अमेरिकेतील सॅव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीपाशी हा कण प्रत्यक्ष पकडला.

डिरॅक आणि मायोराना

डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून प्रत्येक अर्धपरिवलनी कणाच्या चार अवस्था निष्पन्न होतात : परिवलनाच्या दोन दिशांनुसार कणाच्या दोन आणि प्रतिकणाच्या दोन. इटालियन भौतिकीविज्ञ एत्तोरे मायोराना यांनी १९३७ साली असे दाखविले, की कण भाररहित असेल तर याच समीकरणाचे एक अधिक काटकसरीचे रूप शक्य आहे. त्या रूपात अवस्था दोनच राहतात व कण आणि प्रतिकण हा भेदच नाहीसा होतो. पुढील वर्षी मायोराना पालेर्मोहून नेपल्सकडे जात असता बेपत्ता झाले. त्यांनी मांडलेला पर्याय मात्र तेव्हापासून डिरॅक यांच्या पर्यायाशेजारी कायम उभा आहे.

न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो यांना भिन्न ठेवू शकेल अशी एकच ज्ञात राशी आहे, ती म्हणजे लेप्टॉन संख्या. इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो यांस +१ आणि त्यांच्या प्रतिकणांस -१ अशी संख्या दिली असता, आजवर पाहिलेल्या सर्व क्रियांत ही बेरीज कायम राहिलेली आढळते. परंतु हा नियम आणि विद्युत् भाराच्या अक्षय्यतेचा नियम एकाच तोलामोलाचे नाहीत. भाराच्या अक्षय्यतेमागे विद्युत् चुंबकीय सिद्धांताची मूलभूत सममिती उभी आहे. लेप्टॉन संख्येमागे तसे कोणतेही तत्त्व नाही. मूलकणांच्या मानक सिद्धांतात तिची अक्षय्यता जणू योगायोगाने येते. न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण असेल तर हा नियम अचूक नाही, असे म्हणणे प्राप्त होईल. म्हणून प्रस्तुत प्रश्न वरवर एका कणाच्या वर्गीकरणाचा दिसला, तरी वस्तुतः तो निसर्गातील एक नियम खरा की केवळ भासमान, असा आहे.

एक निर्णय व त्याचे विसर्जन

या प्रश्नाचा निकाल लावण्याचा सरळ मार्ग रेमंड डेव्हिस यांनी १९५०च्या दशकात अवलंबिला. क्लोरीन-३७ च्या केंद्राने न्यूट्रिनो शोषला असता इलेक्ट्रॉन बाहेर पडून आर्गॉन-३७ तयार होतो. ही पद्धत ब्रूनो पाँटेकोर्व्हो यांनी १९४६ साली सुचविली होती. अणुभट्टीतून बाहेर पडतात ते प्रतिन्यूट्रिनो. ते व न्यूट्रिनो एकच असतील तर भट्टीशेजारी ठेवलेल्या क्लोरीनयुक्त द्रवात आर्गॉन सापडला पाहिजे. डेव्हिस यांनी १९५५ साली आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले व पुढे अधिक सूक्ष्म मोजमापेही केली. अपेक्षित आर्गॉन आढळला नाही. न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो हे दोन भिन्न कण आहेत, असा अर्थ यातून काढणे अगदी स्वाभाविक होते.

परंतु १९५६ साली ली व यांग यांनी दुर्बल परस्परक्रियेत आरसा सममिती पाळली जाते की नाही अशी शंका उपस्थित केली आणि श्रीमती वू व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाने १९५७ च्या आरंभी ती सममिती मोडते हे सिद्ध झाले. १९५८ साली गोल्डहेबर, ग्रॉडझिन्स व सुन्यार यांनी न्यूट्रिनो वामावर्ती असतो, म्हणजे त्याच्या परिवलनाचा अक्ष गतीच्या विरुद्ध दिशेस असतो, हे मोजून दाखविले. त्याचप्रमाणे भट्टीतून निघणारा कण दक्षिणावर्ती असतो. क्लोरीनचे केंद्र मात्र वामावर्ती कणच शोषू शकते. तेव्हा भट्टीतील कण व न्यूट्रिनो हे एकाच कणाचे दोन परिवलन-प्रकार असले, तरी आर्गॉन तयार होणार नाही. डेव्हिस यांचे मापन निर्दोष होते. पण ज्या दोन पक्षांमध्ये ते निवाडा करील असे वाटले होते, त्या दोन्ही पक्षांशी ते सारखेच जुळत होते. नकारात्मक निष्पत्तीचा अर्थ लावताना किती सावध राहिले पाहिजे, याचे हे उदाहरण या विषयाच्या पुढील सर्व इतिहासास लागू पडते.

द्रव्यमानाचा पुरावा

न्यूट्रिनोचे द्रव्यमान शून्य असेल तर वरील दोन पक्षांत कोणताही भेद उरत नाही. द्रव्यमानरहित कण प्रकाशवेगाने जातो, त्यामुळे वामावर्ती कण सर्वच निरीक्षकांना वामावर्ती दिसतो व दोन प्रकारांचा एकमेकांशी संबंधच येत नाही. प्रश्नास अर्थ येतो तो द्रव्यमान असल्यासच. आणि ते आहे हे सिद्ध होण्यास चार दशके लागली.

या पुराव्याचा उगम दोन ठिकाणी आहे. अमेरिकेतील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत डेव्हिस यांनी तीच क्लोरीन पद्धत सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंसाठी वापरली. १९६८ पासून त्यांना अपेक्षेच्या सुमारे एकतृतीयांश न्यूट्रिनो मिळत राहिले. दुसरा उगम विश्वकिरणांचा. विश्वकिरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रिनो निर्माण होतात, त्यांच्या परस्परक्रिया १९६५ साली प्रथम दोन खाणींत आढळल्या : एक दक्षिण आफ्रिकेतील व दुसरी कोलारची. कोलार येथे जमिनीखाली सुमारे २,३०० मीटर खोलीवर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ व इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांच्या संशोधकांनी मिळून हा प्रयोग केला. इतक्या खोलवर विश्वकिरणांतील अन्य कणांची संख्या अत्यल्प उरते, म्हणूनच न्यूट्रिनोची खूण ओळखता आली. कोलारची खाण २००१ साली बंद झाली.

जपानमधील सुपर-कामिओकांडे या ५०,००० टन पाण्याच्या शोधक यंत्राने १९९८ साली दाखविले, की पृथ्वीच्या पलीकडील बाजूने येणाऱ्या म्यूऑन-न्यूट्रिनोंची संख्या वरून येणाऱ्यांच्या मानाने कमी भरते. कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने २००१-०२ मध्ये सूर्याचे न्यूट्रिनो नाहीसे होत नसून वाटेत आपली जात बदलतात हे निश्चित केले. या जातिबदलास आंदोलन म्हणतात. न्यूट्रिनोच्या तीन जाती व निश्चित द्रव्यमानाच्या तीन अवस्था एकास एक जुळत नाहीत. प्रत्येक जात ही त्या अवस्थांचे मिश्रण असते. प्रवासात अवस्थांच्या कला निरनिराळ्या गतीने बदलतात व मिश्रणाचे प्रमाण पालटते. द्रव्यमाने भिन्न असल्याखेरीज हे घडत नाही. या शोधांबद्दल काजिता व मॅकडोनाल्ड यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आंदोलनांवरून द्रव्यमाने कळत नाहीत, त्यांच्या वर्गांतील फरक तेवढे कळतात. त्यांपैकी एक सुमारे ०.००००७५ व दुसरा सुमारे ०.००२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट-वर्ग इतका आहे. दुसऱ्याचे वर्गमूळ ०.०५ असल्यामुळे निदान एका अवस्थेचे द्रव्यमान ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्टहून कमी असू शकत नाही. वरची मर्यादा जर्मनीतील कार्ल्सरूह येथील ट्रिटियमच्या बीटा क्षयावरील प्रयोगाने २०२५ साली ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत खाली आणली. इलेक्ट्रॉनचे द्रव्यमान सुमारे ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे न्यूट्रिनो किती हलका आहे याची कल्पना येते.

भेद दिसत का नाही?

द्रव्यमान आहे असे ठरल्यावर डेव्हिस यांच्या प्रयोगाची पुनरावृत्ती का करू नये, असा प्रश्न सहज सुचेल. द्रव्यमान असलेला दक्षिणावर्ती कण संपूर्णपणे दक्षिणावर्ती क्रियाच करतो असे नाही. त्याच्या ठायी वामावर्ती क्रियेचा अल्पसा अंश असतो आणि न्यूट्रिनो मायोरानाच्या प्रकारचा असेल तर त्या अंशाने आर्गॉन तयार होईल. परंतु हा अंश द्रव्यमान व ऊर्जा यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतका असतो. ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट द्रव्यमान व दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा धरल्यास तो सुमारे ४ कोटी कोटींत १ इतका भरतो. मुळात न्यूट्रिनोची परस्परक्रियाच दुर्मिळ. त्यावर हा आणखी भागाकार. अशा प्रयोगास कोणतीही अणुभट्टी पुरी पडणार नाही. कण आणि प्रतिकण यांच्या एकत्वाची खूण न्यूट्रिनोच्या अल्प द्रव्यमानामागे दडलेली आहे, असे म्हणता येईल.

न्यूट्रिनोरहित द्विबीटा क्षय

या अडचणीतून सुटण्याचा एकच व्यवहार्य मार्ग आजवर सापडला आहे. काही अणुकेंद्रे अशी आहेत, की त्यांना एक बीटा क्षय ऊर्जेच्या दृष्टीने अशक्य असतो, परंतु दोन बीटा क्षय एकाच वेळी शक्य असतात. जर्मेनियम-७६ चे आर्सेनिक-७६ होऊ शकत नाही, पण सेलेनियम-७६ होऊ शकते. अशा क्षयात दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडावेत, असे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३५ साली मांडले. प्रयोगशाळेत तो क्षय प्रत्यक्ष १९८७ साली सेलेनियम-८२ मध्ये दिसला. वेंडेल फरी यांनी १९३९ साली आणखी एक शक्यता दाखविली. न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण असेल तर एका न्यूट्रॉनने सोडलेला कण त्याच केंद्रातील दुसरा न्यूट्रॉन शोषू शकेल. अशा वेळी बाहेर केवळ दोन इलेक्ट्रॉन पडतील आणि लेप्टॉन संख्या दोनाने वाढेल.

या दोन क्षयांतील फरक ओळखण्याची खूण स्पष्ट आहे. प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडत असतील तर दोन इलेक्ट्रॉनांची एकत्रित ऊर्जा सलग पसरलेली राहील. न्यूट्रिनोरहित क्षयात मात्र सर्व ऊर्जा इलेक्ट्रॉनांसच मिळून एकच तीक्ष्ण रेषा दिसेल. जर्मेनियम-७६ साठी ती २० लाख ३९ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट येथे अपेक्षित आहे. बीटा क्षयातील ज्या सलग वर्णपटाने पाउलींना न्यूट्रिनोची कल्पना सुचली, त्याच सलगतेचा अभाव येथे न्यूट्रिनोच्या स्वरूपाची साक्ष देणार आहे.

येथेही क्षयाचे प्रमाण न्यूट्रिनोच्या परिणामी द्रव्यमानाच्या वर्गावर अवलंबून असते. परंतु अणूंच्या प्रचंड संख्येमुळे ती उणीव काही अंशी भरून निघते. एक किलोग्रॅम जर्मेनियम-७६ मध्ये १ वर २४ शून्ये याच्या सुमारे ८ पट अणू असतात. अर्धायुष्य १ वर २६ शून्ये इतकी वर्षे असले, तर एवढ्या जर्मेनियममध्ये साधारणतः १८ वर्षांतून एक क्षय घडेल. शंभर किलोग्रॅम घेतल्यास वर्षाकाठी पाच किंवा सहा. एवढ्या घटना ओळखावयाच्या म्हणजे आसमंतातील सर्व किरणोत्सर्ग दूर ठेवावा लागतो. म्हणूनच हे प्रयोग डोंगरांखाली व खाणींत चालतात. इटलीतील ग्रान सास्सो येथील जर्मेनियम प्रयोगाने २०२० साली अर्धायुष्याची किमान मर्यादा १ वर २६ शून्ये याच्या १.८ पट वर्षे इतकी ठरविली. जपानमधील कामिओका येथे झेनॉन-१३६ वर झालेल्या प्रयोगाने ती ३.८ पटींवर नेली. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. ही मर्यादा त्याच्या शंभर कोटी कोटी पटींहूनही मोठी आहे. मुंबईच्या टाटा संस्थेत कथिल-१२४ या समस्थानिकाच्या अतिशीत शोधकावर याच दिशेने काम झाले आहे.

कथिलाच्या या समस्थानिकाचा इतिहास बोधप्रद आहे. १९४९ साली त्यातच द्विबीटा क्षय आढळल्याचे फायरमन यांनी जाहीर केले होते. पुढे तो पार्श्वभूमीवरील किरणोत्सर्गाचा परिणाम ठरला. २००१ साली जर्मेनियमवरील एका प्रयोगातील काही संशोधकांनी अशीच रेषा दिसल्याचे प्रतिपादन केले; २०१३ साली अधिक सूक्ष्म प्रयोगात ती आढळली नाही. 'दोन' हा निर्णय एकदा घाईचा ठरला होता, तसा 'एक' हाही निर्णय दोनदा घाईचा ठरला आहे.

'होय' आणि 'नाही' यांची विषमता

न्यूट्रिनोरहित क्षय एकदा निःसंशय आढळला तर प्रश्न सुटला, असे मानण्यास आधार आहे. शेख्टर व व्हाल्ये यांनी १९८२ साली दाखविले, की हा क्षय कोणत्याही यंत्रणेने घडत असला तरी न्यूट्रिनो मायोरानाच्या प्रकारचाच असला पाहिजे. न्यूट्रिनोचे द्रव्यमान हेच त्या क्षयाचे प्रमुख कारण असेल असे मात्र यावरून ठरत नाही.

उलट, क्षय आढळला नाही तर काय? परिणामी द्रव्यमान हे तिन्ही अवस्थांच्या द्रव्यमानांची भारित बेरीज असते, परंतु त्या बेरजेत अज्ञात कला असल्यामुळे पदे एकमेकांना खोडू शकतात. येथे अवस्थांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ज्या अवस्थेत इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोचा अंश सर्वांत थोडा आहे ती सर्वांत जड असेल तर क्रम सरळ, आणि सर्वांत हलकी असेल तर उलटा. उलट्या क्रमात पदे पूर्णपणे खोडली जाऊ शकत नाहीत. परिणामी द्रव्यमान सुमारे ०.०१५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली जात नाही. कामिओकाच्या प्रयोगाची मर्यादा, अणुकेंद्राच्या रचनेविषयी कोणता हिशेब धरावा त्यानुसार, ०.०२८ ते ०.१२२ इलेक्ट्रॉन व्होल्ट यांदरम्यान येते. तेव्हा क्रम उलटा असल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध झाले आणि पुढील पिढीच्या प्रयोगांत ०.०१५ पर्यंत काहीच आढळले नाही, तर 'दोन' या पक्षास भक्कम आधार मिळेल. क्रम सरळ असेल तर मात्र परिणामी द्रव्यमान जवळजवळ शून्यही असू शकते व क्षय न आढळण्याने काहीच सिद्ध होत नाही. डेव्हिस यांच्या क्लोरीनची गोष्ट तेथे पुन्हा घडेल.

म्हणून द्विबीटा क्षयाच्या प्रयोगाचा अर्थ लावण्याची किल्ली अन्य प्रयोगांच्या हाती आहे. चीनमधील ज्यांगमेन येथील २०,००० टन दीप्तिमान द्रवाच्या शोधकाने ऑगस्ट २०२५ मध्ये मापनास आरंभ केला; सुमारे ५३ किलोमीटरवरील अणुभट्ट्यांच्या प्रतिन्यूट्रिनोंवरून अवस्थांचा क्रम ठरविणे हा त्याचा मुख्य हेतू आहे. विश्वरचनाशास्त्राकडूनही साहाय्य मिळते. आदिविश्वातील न्यूट्रिनोंनी दीर्घिकांच्या घडणीवर केलेल्या परिणामावरून तिन्ही द्रव्यमानांची बेरीज ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टहून कमी असावी, असा अंदाज निघाला आहे. उलट्या क्रमात ही बेरीज किमान ०.१ व सरळ क्रमात किमान ०.०६ असते. हा अंदाज विश्वाच्या गृहीत प्रतिमानावर अवलंबून आहे. त्याला प्रयोगशाळेतील मापनाची जागा घेता येत नाही.

प्रश्नाचे महत्त्व

न्यूट्रिनो मायोरानाच्या प्रकारचा असेल तर त्याच्या हलकेपणाचे एक सयुक्तिक कारण देता येते. 'सी-सॉ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७७ ते १९८० या काळात अनेकांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या यंत्रणेत प्रत्येक हलक्या न्यूट्रिनोस एक अतिजड जोडीदार असतो. तो जितका जड, तितका हा हलका. सर्वसाधारण मूल्ये घेतल्यास जोडीदाराचे द्रव्यमान प्रोटॉनच्या १ वर १४ शून्ये याच्या सुमारे दुप्पट येते. जिनिव्हा येथील महात्वरकाच्या ऊर्जेहून हे सुमारे दहा अब्ज पटींनी अधिक असल्यामुळे तो कण यंत्रात निर्माण करणे अशक्यप्राय आहे. अशा ऊर्जेविषयी काही कळावयाचे तर ते अप्रत्यक्षच कळेल. द्विबीटा क्षय हा असा एक झरोका ठरू शकतो.

दुसरी गोष्ट याहून मूलगामी आहे. विश्वात दर १,००० कोटी फोटॉनांमागे प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे सुमारे ६ कण आहेत, प्रतिकण मात्र जवळजवळ नाहीत. हे अल्पसे आधिक्य कोठून आले हे मानक सिद्धांत सांगू शकत नाही. फुकुगिता व यानागिदा यांनी १९८६ साली सुचविले, की आदिविश्वातील अतिजड न्यूट्रिनोंच्या क्षयात लेप्टॉन संख्येचा तोल प्रथम ढळला असावा व त्यातून पुढे पदार्थाचे आधिक्य निर्माण झाले असावे. लेप्टॉन संख्येची अक्षय्यता अचूक असेल तर हे स्पष्टीकरण या रूपात टिकणार नाही. तारे, पृथ्वी आणि निरीक्षक ज्या पदार्थाचे बनले आहेत, तो मुळात शिल्लक का राहिला, या प्रश्नाशी अशा रीतीने एका भाररहित कणाचे स्वरूप जोडले गेले आहे.

तात्पर्य, 'एक' या उत्तरासाठी एकच निःसंशय रेषा पुरेशी आहे. 'दोन' हे उत्तर मात्र कोणत्याही एका प्रयोगातून मिळणार नाही; अवस्थांचा क्रम, द्रव्यमानाचे मापन व द्विबीटा क्षय या तिहींच्या साक्षी एकत्र वाचल्या तरच ते मिळेल, आणि क्रम सरळ असेल तर कदाचित त्या तिन्ही मिळूनही ते देऊ शकणार नाहीत. विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्यास येथे तीन स्वतंत्र कार्यक्षेत्रे दिसतात : पार्श्वभूमी शून्यवत करणारे शोधक, अणुकेंद्रीय हिशेबांतील तिपटी-चौपटीची अनिश्चितता कमी करणारा सिद्धांत आणि द्रव्यमानाचे सरळ मापन. यांपैकी कोणतेही एक मागे राहिले, तर उरलेल्या दोहोंतून आलेले शून्य मोजता येईल. परंतु त्याचा अर्थ सांगता येणार नाही.